मोठ्या माशाच्या टाकीचा तळ



शाळेच्या व्हरांड्यात, गावच्या वाचनालयात किंवा एखाद्या कार्यालयाच्या प्रतीक्षागृहात दिसणारी मत्स्यटाकी आता नवलाईची राहिलेली नाही. टाकी घेताना माशाच्या रंगाची, काचेच्या जाडीची आणि दिव्याची चौकशी होते. तळाशी काय घालावे, याची सहसा होत नाही. दुकानातून रंगीत खड्यांची पिशवी येते आणि ती तशीच टाकीत रिकामी होते. गप्पी किंवा मॉलीसारख्या लहान माशांच्या बाबतीत ही बेफिकिरी बहुधा खपून जाते. ऑस्करच्या बाबतीत मात्र ती त्या माशाच्या जिवावर बेतू शकते.

ऑस्कर हा सिक्लिड कुलातील मासा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. लुई आगासी या शास्त्रज्ञाने १८३१ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. त्या वेळी तो समुद्रातला मासा समजला गेला होता. शेपटीजवळच्या डोळ्यासारख्या ठिपक्यामुळे तो चटकन ओळखू येतो. दुकानात तो दोन बोटांएवढा असतो, वर्षभरात वीतभर होतो आणि पुढे फूटभर वाढतो. नीट सांभाळल्यास तो दहा वर्षांहून अधिक जगतो. तेव्हा त्याच्या टाकीचा तळ आजच्या पिलाकडे पाहून निवडून चालत नाही. आज जो खडा त्याच्या तोंडात मावत नाही, तो सहा महिन्यांनी मावतो.

या माशाची सारी कामे तोंडाने चालतात. तो तळ उकरतो, खडे उचलून दुसरीकडे टाकतो, लावलेली झाडे उपटतो, तोंडभर वाळू घेऊन त्यातला खाद्याचा कण टिपतो आणि उरलेली बाहेर सोडतो. हा त्याचा खोडसाळपणा नव्हे, स्वभाव आहे. बारीक वाळू तोंडातून आणि कल्ल्यांवाटे सहज निघून जाते. हरभऱ्यापासून सुपारीपर्यंतच्या आकाराचे खडे मात्र घात करतात. खाद्यावर झडप घालताना असा खडा गिळला गेला आणि घशात किंवा आतड्यात अडकला, की मासा खाणे सोडतो, पोट फुगते, विष्ठा बंद होते. पाण्यात औषध टाकून खडा विरघळत नाही.

म्हणून पर्याय तीनच उरतात : बारीक, गोलसर कणांची वाळू, पूर्ण वाढलेल्या माशाच्या तोंडात न मावणारे गुळगुळीत गोटे, किंवा मोकळी काच. गोट्यांच्या फटीत उरलेले खाद्य कुजते आणि ते काढणे जिकिरीचे होते. मोकळा तळ स्वच्छ ठेवायला सर्वांत सोपा. पण खालच्या काचेत पडणाऱ्या प्रतिबिंबाने मासा बुजतो आणि त्याला उकरायला काही उरत नाही. साफसफाईला माणूस नियमित मिळत असेल, तर वाळूच उत्तम. थर दोन ते तीन सेंटिमीटरचा पुरे. जाड थरात खालची वाळू कोंडून सडते आणि उकरताच कुजक्या अंड्यासारखा वास येतो. १२० सेंटिमीटर लांब व ४५ सेंटिमीटर रुंद टाकीत तीन सेंटिमीटर थरासाठी सुमारे २५ किलो वाळू लागते.

बांधकामाची दगडी कच वापरू नये. तिच्या कडा धारदार असतात आणि माशाच्या तोंडाला इजा होते. समुद्राची वाळू मीठ आणि शिंपल्यांचा चुरा घेऊन येते. चाळलेली नदीची वाळू चालते. ती परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावी. साबण न लावता, पाणी निवळ येईपर्यंत ती धुवावी. आठ-दहा बादल्या पाणी लागले, तरी कंटाळू नये.

संगमरवराचे तुकडे, शंख-शिंपले आणि प्रवाळ यांत चुना असतो. तो हळूहळू विरघळतो, पाण्याचा जडपणा आणि सामू वाढतो. सामू चढला की माशाच्या मलमूत्रातून तयार होणारा अमोनिया अधिक विषारी ठरतो. गोष्ट साधी, पण अनेक टाक्या यातच बिघडतात. परीक्षा सोपी आहे. कोरड्या दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. बुडबुडे आले, तर तो दगड टाकीत नको. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण या परीक्षेत उतरतो, पण त्याच्या पोकळ्यांतले पांढरे कॅल्साइटचे स्फटिक फसफसतात. सहलीत मुलांनी वेचलेले सुंदर दगड टाकीत ठेवण्यापूर्वी हे पाहावे. विज्ञानाच्या तासाला ते मुलांकडूनच करून घेता येईल.

सगळ्या सिक्लिडांना हाच नियम लागू नाही. कोकणच्या खाड्यांतले कालुंदर याच कुलातले. मचूळ पाण्याची सवय असल्याने त्यांना शिंपल्यांचा चुरा बाधत नाही. तेही पिलांसाठी तळाशी खड्डे करतात, म्हणून त्यांनाही वाळू हवीच.

मोठे दगड आधी थेट काचेवर बसवावेत आणि मग भोवती वाळू पसरावी. वाळूवर ठेवलेल्या दगडाखाली ऑस्कर उकरतो, दगड कलंडतो आणि काच तडकते. त्यांत एक सपाट दगड असावा. जोडी जमली, तर अंडी त्यावर घातली जातात. गाळणीच्या पंपाचे तोंड वाळूपासून वीतभर उंच ठेवावे, नाहीतर कण आत जाऊन पंप बंद पडतो.

ज्या टाकीत रंगीत खडे आधीच पडले आहेत, तेथे ते एकाच दिवशी उपसू नयेत. अमोनिया पचवणारे उपयुक्त जिवाणू त्या खड्यांवरही वाढलेले असतात. खडे तीन-चार आठवड्यांत थोडे थोडे काढावेत. त्या काळात गाळणीतील स्पंज नळाच्या पाण्याने धुवू नये, खाद्य कमी द्यावे आणि दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाचे पाणी आदल्या दिवशी उघड्या पिंपात भरून ठेवले, म्हणजे त्यातील क्लोरिन बरेचसे उडून जाते. सर्वांत आधी मात्र सुपारीएवढे खडे हाताने वेचून काढावेत. ते काम उद्यावर टाकण्यासारखे नाही.