गाडीवरचे पांढरे डाग

मंडळी, आपल्या सोसायटीचं पाणी कसं आहे, हे काळी गाडी घेणाऱ्याला पहिल्या महिन्यातच कळतं. बोअरच्या पाण्याने गाडी धुतली आणि उन्हात तशीच सोडली, की बॉनेटवर पांढरी वर्तुळं उमटतात. पाणी उडून जातं, त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार तिथेच बसतात. गीझरच्या कॉइलवर साचतो तोच हा थर.

हे डाग नखाने खरवडू नका, कोरड्या फडक्याने तर मुळीच घासू नका. रंगावरचा पारदर्शक लॅकरचा थर जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे साध्या कागदाच्या निम्म्याइतका. तो गेला की पुन्हा रंगकामच!

क्षार विरघळतात आंबटाने. पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एकत्र करा. गाडी सावलीत असावी, पत्रा गार असावा. आधी धूळ धुऊन काढा. मग मऊ फडकं त्यात भिजवून डागावर मिनिटभर ठेवा, हलकेच पुसा आणि भरपूर पाण्याने धुवा. शेवटचा तांब्या शक्यतो आरओच्या पाण्याचा घ्या आणि लगेच टिपून काढा, नाहीतर नवे डाग तयार!

एवढं करूनही डाग दिसतोय आणि बोटाला खड्डा लागतोय? मग तो लॅकरमध्ये उतरलाय. तिथे पॉलिशच हवं, आणि प्रत्येक पॉलिश लॅकर थोडं थोडं खातं. मी तरी फिकट डाग असेल तर तसाच राहू देतो.

सकाळी गाड्या धुणाऱ्या मुलाला बोलून उपयोग नाही. त्याला एका बादलीत चार गाड्या उरकायच्या असतात. त्याच्या हातात एक जादा कोरडं फडकं द्या.