ताप किती, यापेक्षा मूल कसे?

(ग्रामपंचायत सदस्य व प्राथमिक शिक्षक यांच्या तालुका शिबिरात एका वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



मुलांचा ताप हा विषय आपणांपैकी कोणालाच नवा नाही. ज्या घरात लहान मूल आहे, त्या घरात वर्षातून चार-दोन वेळा तरी कपाळाला हात लावून पाहण्याचा प्रसंग येतोच. यांतील बहुतेक ताप विषाणूंमुळे येतात आणि काही दिवसांत आपोआप उतरतात. तेव्हा प्रत्येक तापाला घाबरून रात्री-अपरात्री दवाखाना गाठावा, असे मी सांगणार नाही. परंतु ज्या थोड्या मुलांचा ताप जिवावर बेततो, त्यांच्या बाबतीत काही तासांचा विलंबही महाग पडतो. ही मुले ओळखायची कशी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करीत असतानाची गोष्ट सांगतो. सहा वर्षांच्या एका मुलास पहाटे बैलगाडीतून आणले होते. चार दिवस ताप होता. आदल्या दुपारी तो उतरला. घरातील मंडळींनी सुटकेचा निःश्वास टाकला. मूल दिवसभर पडून राहिले, पोट दुखते म्हणाले, दोनदा ओकले. अशक्तपणा असेल, असे सर्वांना वाटले. फक्त त्याची आई म्हणत होती, “हा माझ्याकडे नीट बघत नाही.” आमच्याकडे पोहोचला तेव्हा त्याचे हातपाय गार पडले होते आणि नाडी जेमतेम लागत होती. तो डेंग्यू होता. या आजारात धोक्याचा काळ पुष्कळदा ताप उतरल्यानंतर सुरू होतो. कारण त्या वेळी रक्तातील द्रव भाग रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपू लागतो. शिरेतून सलाईन सुरू करून त्यास जिल्हा रुग्णालयात हलविले. मुलगा वाचला. परंतु आईच्या त्या वाक्याकडे आदल्या दुपारीच कोणी लक्ष दिले असते, तर त्याचे प्राण असे कंठाशी आले नसते.

यातून जो धडा मिळतो, तो असा : थर्मामीटरचा आकडा आजाराचे गांभीर्य ठरवीत नाही. १०३ अंश ताप असलेले मूल औषधाने अंग निवल्यावर खेळू लागले, पाणी पिऊ लागले, तर घाईचे कारण सहसा नसते. उलट ९९ अंशांवर असलेले मूल निपचित पडले असेल, अंगावर पीत नसेल, तर एक क्षणही दवडू नये.

या नियमास एक महत्त्वाचा अपवाद आहे, तो वयाचा. तीन महिन्यांपेक्षा लहान बालकास १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, तर ते वरवर कितीही बरे दिसो, त्यास त्याच वेळी रुग्णालयात न्यावे. पहिल्या दोन महिन्यांत तर काखेतील तापमान ९९.५ अंशांवर गेले तरी दाखविलेच पाहिजे. इतक्या लहान बालकाचे अंग गार पडणे हेही तापाइतकेच घातक लक्षण आहे. तीव्र कुपोषित मुलांच्या बाबतीतही हे ध्यानात ठेवावे; त्यांना गंभीर जंतुसंसर्ग असूनही कधी कधी ताप चढत नाही.

आता इतर मुलांमधील धोक्याच्या खुणा पाहू. मूल काहीच पिऊ शकत नाही किंवा अंगावर ओढत नाही, जे घेतले ते सर्व ओकून टाकते, झटके येतात, हाक मारूनही नीट जागे होत नाही. या चारांपैकी एकही खूण दिसली, तर वाट पाहण्यास जागा उरत नाही. याखेरीज मान ताठ होणे, तान्ह्या बाळाची टाळू फुगणे, सात-आठ तास लघवी न होणे, ओठ निळसर पडणे, हिरड्यांतून वा नाकातून रक्त येणे, पोटात सतत दुखणे, हातपाय गार पडणे, यांपैकी काहीही तितकेच निकडीचे समजावे. अंगावर लाल-जांभळे ठिपके उठले असतील, तर काचेचा पेला त्यांवर दाबून पाहावा. काचेखालीही ते पुसट होत नसतील, तर तातडीने निघावे.

श्वासाकडे विशेष लक्ष हवे, कारण न्युमोनिया तेथेच प्रथम ओळखता येतो. मूल शांत असताना त्याचे पोट उघडे करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बालकात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास भरले, तर त्यास त्याच दिवशी दाखवावे. वय दोन महिन्यांखाली असेल, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल किंवा मूल कण्हत असेल, तर थेट रुग्णालय गाठावे. हे काम केवळ डॉक्टरांचे, असे मानू नका. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ पासून गावातील आरोग्यसेवक व सुईणींना मुलांचा न्युमोनिया ओळखण्यास शिकविले आणि त्यामुळे बालमृत्यू कमी होतात हे दाखवून दिले. निरक्षर सुईणींना जे साधले, ते आपल्या शिक्षकांना व अंगणवाडी सेविकांना का साधू नये?

तापात झटके आले, तर मुलास कुशीवर वळवावे, कपडे सैल करावेत आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट, पाणी यांपैकी काहीही घालू नये. कांदा वा चप्पल हुंगविण्यात वेळ घालवू नये. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत, तर जीव धोक्यात आहे असे समजावे. थांबले तरी पहिल्याच वेळी आलेल्या झटक्यानंतर मुलास तपासून घ्यावे. काही भागांत आजारी मुलाच्या पोटावर डागण्या देतात. त्याने आजार तर हटत नाहीच, उलट जखम पदरी पडते आणि मोलाचे तास जातात.

औषधाविषयी थोडे सांगतो. पॅरासिटामॉल मुलास आराम देते, आजार बरा करीत नाही. एका वेळी दर किलो वजनास १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि दिवसभरात जास्तीत जास्त चार वेळा, ही मर्यादा पाळावी. तीन महिन्यांखालील बालकास मात्र डॉक्टरांना दाखविल्यावाचून ते देऊ नये. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. डेंग्यूची शंका असल्यास आयबुप्रोफेनही नको. बर्फाच्या पाण्याने अंग पुसू नये, घोंगडीतही गुंडाळू नये. खूण एकही नसली तरी तीन दिवसांत ताप न उतरल्यास डॉक्टरांना दाखवावे. गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या भागात तर तितकेही थांबू नये. आशा सेविकेकडून त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.

पंचायत सदस्यहो, खुणा ओळखल्या तरी वाहन नसेल तर त्या ज्ञानाचा उपयोग काय? १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आपल्या राज्यात उपलब्ध आहे. एक वर्षापर्यंतच्या आजारी बालकास शासकीय रुग्णालयात मोफत उपचार व वाहनाची सोय जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मिळते. परंतु पावसाळ्यात नाल्यापलीकडची वाडी तुटते आणि जेथे मोबाइल लागत नाही, तेथे १०८ हा केवळ आकडा राहतो. म्हणून गावात कोणाची जीप रात्री निघेल, कोठून फोन लागेल, आईबरोबर कोण जाईल आणि घरी राहिलेल्या मुलांना कोण पाहील, हे ग्रामसभेत आधीच ठरवून फलकावर लिहून ठेवावे. निघताना मुलाचे वय, ताप कधी आला, कोणते औषध केव्हा दिले आणि शेवटची लघवी केव्हा झाली, एवढे एका चिठ्ठीवर असावे. ही चिठ्ठी लिहून देण्याचे काम शिक्षकांनी अंगावर घ्यावे. शुद्धीवर असलेल्या आणि पिऊ शकणाऱ्या बालकास वाटेत आईने पाजीत राहावे.

शेवटी एकच विनंती. “याचे आज काहीतरी वेगळेच आहे,” असे जेव्हा एखादी आई म्हणते, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी आणि आम्हा डॉक्टरांनीही ते वाक्य धोक्याची एक खूण म्हणूनच मोजावे. धावपळ करून नेलेले मूल साधा ताप निघून सकाळी हसत परत आले, तर फार तर गाडीभाडे वाया गेले असे म्हणू. थांबण्याची चूक मात्र कोणालाही भरून काढता येत नाही.