मोज्यातली चांदी, समुद्रातलं शेवाळ



घामाचा वास येऊ नये म्हणून काही मोज्यांत, बनियनमध्ये चांदीचे नॅनोकण वापरतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा १० लाखावा भाग! धुताना यातली थोडी चांदी पाण्याबरोबर वाहून जाते. नाल्यातून खाडीत, खाडीतून समुद्रात.

चांदी जंतू मारते, तशी समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळाचीही वाढ खुंटवते, असं प्रयोगशाळेत दिसलंय. सनस्क्रीनमधल्या झिंक ऑक्साइडचे नॅनोकण समुद्राच्या पाण्यात विरघळतात. त्यातून सुटणारं जस्तही शेवाळाला बाधतं.

डोळ्यांना न दिसणाऱ्या याच शेवाळावर तारली, कालवं, तिसऱ्या जगतात. आणि त्यांच्यावर आपल्या कोळणी बहिणींची चूल पेटते.

म्हणून खरेदी करताना लेबल वाचा. मोज्यांना साबण आणि कडक ऊन पुरेसं आहे.