जिंकूनही संपलेला संघ



विजयाने संकट टळते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु जिंकले तरी ज्याचा अंत टळणार नाही, अशा संघाने कोणत्या आशेने खेळावे? १ जानेवारी १९९९ रोजी टोकिओच्या राष्ट्रीय क्रीडांगणावर झालेला फुटबॉलचा सामना या दृष्टीने स्मरणीय आहे.

जपानात सम्राट चषक या नावाने विख्यात असलेल्या स्पर्धेचा आरंभ १९२१ साली झाला. व्यावसायिक संघांबरोबर विद्यापीठांचे व हौशी संघही तीत उतरतात. आणि जो हरला तो बाहेर, असा तिचा नियम आहे. तिचा अंतिम सामना नववर्षदिनी खेळण्याची त्या काळी प्रथा होती.

योकोहामा फ्ल्यूगेल्स हा १९९३ साली सुरू झालेल्या जपानी व्यावसायिक लीगच्या दहा संस्थापक संघांपैकी एक. त्याच्या नावातील मूळ जर्मन शब्दाचा अर्थ पंख असा होतो. कारण त्याचा आश्रयदाता एक विमान कंपनी होती. दुसरी आश्रयदाती होती एक बांधकाम कंपनी. आर्थिक मंदीच्या त्या दिवसांत बांधकाम कंपनीने हात आखडता घेतला. विमान कंपनीलाही एकटीने भार पेलवेना. २९ ऑक्टोबर १९९८ रोजी जाहीर झाले की, हा संघ त्याच शहरातील मारिनोस या प्रतिस्पर्ध्यात विलीन होणार. समर्थकांनी सह्या गोळा केल्या, विनवण्या केल्या. निर्णय मात्र फिरला नाही.

आता सम्राट चषकाचे सामने तेवढे उरले. ज्या दिवशी पराभव होईल तोच संघाचा अखेरचा दिवस, हे प्रत्येक खेळाडू जाणून होता. अशा स्थितीत हातपाय गळावेत, हेच स्वाभाविक. परंतु त्या घोषणेनंतर हा संघ एकदाही हरला नाही. उपांत्यपूर्व फेरीत त्याने बलाढ्य जुबिलो इवाताला नमविले व उपांत्य फेरीत त्या वर्षीच्या लीगविजेत्या काशिमा अँटलर्सला.

अंतिम सामन्यात गाठ पडली शिमिझु एस-पल्सशी. तेराव्या मिनिटाला सावानोबोरी याने शिमिझुतर्फे पहिला गोल केला. मध्यंतर होण्याच्या सुमारास कुबोयामाने बरोबरी साधली. आणि त्र्याहत्तराव्या मिनिटाला योशिदाने विजयी गोल नोंदविला. दोन विरुद्ध एक! कर्णधार यामागुची याने चषक उंचावला, आणि ज्यांना पुढचा सामनाच नव्हता असे खेळाडू विजेते ठरले.

या विजयाने संघ वाचला नाही. मारिनोसच्या नावात ‘एफ’ हे अक्षर तेवढे शिरले. पण समर्थक स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी पुढाकार घेऊन योकोहामा एफसी हा नवा संघ उभारला. १९९९ साली तो खालच्या श्रेणीत खेळू लागला आणि २००७ साली प्रथम श्रेणीत पोहोचला.

कागदोपत्री संघ कंपन्यांचा होता, म्हणून तो मिटविणे त्यांना शक्य झाले. परंतु ज्यांनी त्याच्यासाठी आरोळ्या दिल्या, अश्रू ढाळले, त्यांची मालकी कोणत्या दप्तरात नोंदवायची? फळ हाती उरणार नाही हे ठाऊक असूनही त्या खेळाडूंनी आपले काम अखेरच्या क्षणापर्यंत चोख केले. म्हणूनच त्यांच्यामागे नवा संघ उभारण्याची उमेद लोकांत शिल्लक राहिली.