स्वतंत्र वृत्तपत्र आणि वार्ताहराचें शिक्षण

वृत्तपत्राचें स्वातंत्र्य म्हटलें कीं सरकारी बंधनें डोळ्यांपुढें येतात. परंतु तें संपादकाच्या मेजावरही राखावें लागतें. १८८१ सालीं ‘केसरी’ निघाला आणि १८८२ मध्यें टिळक व आगरकर तुरुंगांत गेले. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतो, या समजुतीनें त्यांनीं कारभारी बर्वे यांच्या नांवच्या पत्रांवर विसंबून त्यांजवर टीका केली होती. तीं पत्रें बनावट ठरलीं. दोघांनीं माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली. पैकीं १०१ दिवस त्यांनीं डोंगरीच्या तुरुंगांत काढले.

हेतु शुद्ध होता, धैर्यही अपार होतें. उणी पडली ती पडताळणी. तरुण वार्ताहरास आधीं हेंच शिकविलें पाहिजे: कागद कोणीं दिला, कां दिला, दुसरा पुरावा कोणता, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचें म्हणणें काय?

अशा शिक्षणास वेळ लागतो, द्रव्यही लागतें. तें एकाच धनिकाकडून किंवा सरकारकडून आलें, तर लेखणी संकोचण्याचा संभव असतो. हजारों वर्गणीदारांकडून आलें, तर ती निर्भय राहूं शकते. शेजाऱ्याचा अंक मागून वाचणाऱ्या सद्गृहस्थांनीं एवढें मनांत आणावें, ही विनंती.