पहारा आणि सोबत

तुरुंगातील एखादा कैदी जीव देण्याच्या विचारात आहे, अशी शंका आली म्हणजे त्याच्यावरील पहारा वाढविण्यात येतो. पहारेकरी येतो, दारातून आत डोकावतो, वहीत वेळ लिहितो आणि पुढे जातो. ही खबरदारी आवश्यकच आहे. परंतु श्रोतेहो, डोळ्यांना शरीर दिसते. मनात काय चालले आहे, ते विचारल्यावाचून कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली या विषयावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. अटकेनंतरचे पहिले काही तास व दिवस विशेष धोक्याचे असतात, म्हणून कैदी आत येताच त्याची विचारपूस व्हावी, असे तीत सांगितले आहे. मात्र एकदा विचारून भागत नाही. खटल्याचा निकाल लागतो, घरून वाईट वार्ता येते, आणि काल शांत असलेला माणूस आज खचतो. तेव्हा एका पहारेकऱ्याला जे जाणवले, ते पाळी बदलताना दुसऱ्याच्या कानी गेलेच पाहिजे. अशा माणसाला सुरक्षिततेच्या नावाखाली एकटे कोंडणे तर फारच घातक. मग त्याचे दुःख तेवढे त्याच्या सोबतीला उरते.

पहारेकरी थोडे आणि कैदी फार, अशा ठिकाणी सोबत द्यावी कोणी? वेल्समधील स्वान्सी येथील तुरुंगात १९९१ साली याचे एक उत्तर मिळाले. लंडनमध्ये १९५३ साली स्थापन झालेल्या ‘समॅरिटन्स’ या संस्थेने काही कैद्यांनाच निवडून शिक्षण दिले. त्यांना ‘लिसनर’, म्हणजे ‘ऐकणारा’, असे म्हणतात. तो उपदेश करीत नाही, दोष देत नाही. खचलेल्या सोबत्याजवळ बसून त्याचे ऐकतो आणि ऐकलेले स्वतःजवळ ठेवतो. पुढे ही पद्धत ब्रिटनमधील बहुतेक तुरुंगांत रूढ झाली. अर्थात, ऐकणारा लाभला म्हणून अधिकाऱ्यांची व डॉक्टरांची जबाबदारी संपत नाही.

आपल्या देशातही दृष्टी पालटत आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम ११५ प्रमाणे, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि तिच्या शुश्रूषेची व पुनर्वसनाची व्यवस्था करणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. त्याच वर्षी १५ सप्टेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील अनैसर्गिक मृत्यूंविषयी निर्णय दिला. कैद्यांसाठी, विशेषतः प्रथमच तुरुंगात आलेल्यांसाठी, समुपदेशक नेमावेत आणि कुटुंबीयांच्या भेटींना उत्तेजन द्यावे, असे त्यात म्हटले आहे.

येथे समाजाचाही संबंध येतो. घरातला माणूस तुरुंगात गेला म्हणजे लोकलज्जेस्तव पुष्कळ कुटुंबे भेटीला जात नाहीत, पत्रही धाडीत नाहीत. अपराधाची शिक्षा न्यायालय देते. आप्तांनी टाकून देण्याची शिक्षा त्यात धरलेली नसते. आपला माणूस निराशेचे बोलू लागला, तर ते तुरुंगाधिकाऱ्यांना तत्काळ कळवावे. बाहेर कोणाचे मन असे खचले असेल, तर ‘टेली-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य सेवा अहोरात्र उपलब्ध आहे. पहारा जीव राखतो खरा. पण जगावेसे वाटण्यासाठी माणसाला माणूसच लागतो.