दंड उशिराचा की गरिबीचा?



सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळापुढे जे विषय येतात, त्यांत विलंबशुल्काचा विषय सर्वांत किरकोळ समजला जातो. पुस्तक मुदतीत परत आले नाही तर दिवसागणिक काही पैसे आकारावेत, हा नियम वर्षानुवर्षे चालत आलेला असतो. सभेत त्याची चर्चा झालीच, तर ती दर वाढवायचा असेल तेव्हा होते. परंतु एखादी संस्था प्रत्यक्षात कोणासाठी चालली आहे हे पाहायचे असेल, तर असा किरकोळ नियमच तपासावा लागतो. २०१९ साली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को व शिकागो या दोन शहरांनी तो तपासला. त्यातून जे निष्पन्न झाले, ते समाजवादी कार्यकर्त्यांनी मुद्दाम अभ्यासावे असे आहे.

सॅन फ्रान्सिस्कोत दंडाची थकबाकी दहा डॉलरच्या पुढे गेली की वाचकाचे कार्ड बंद होत असे. कोणत्या वस्तीतील किती कार्डे अशी बंद पडली आहेत, याची मोजणी ग्रंथालयाने नगराच्या कोषागाराच्या मदतीने केली आणि जानेवारी २०१९ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. पुस्तक परत करण्यास उशीर करण्याचे प्रमाण श्रीमंत व गरीब वस्त्यांत जवळजवळ सारखेच आढळले. शिक्षेत मात्र फार मोठे अंतर होते. बेव्ह्यू ही प्रामुख्याने कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांची वस्ती. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या गोदीत कामाला आलेल्या मजुरांनी ती वाढवली आणि १९७४ साली गोदी बंद पडल्यावर तिच्यावर बेकारीचे संकट कोसळले. तेथील शाखेच्या प्रौढ सभासदांपैकी ११ टक्क्यांहून अधिक लोकांची कार्डे बंद होती. सधन वस्त्यांतील बहुतेक शाखांच्या मानाने हे प्रमाण तिपटीहून जास्त होते.

याचा अर्थ सरळ आहे. चूक दोघांचीही सारखी. एकाने खिशात हात घालून दंड भरला आणि दुसरे पुस्तक घेऊन तो घरी गेला. दुसऱ्याला तो भरता आला नाही, म्हणून तो ग्रंथालयात यायचाच थांबला. नियमाच्या शब्दांत समता होती, परंतु परिणामात वर्गभेद होता.

शिकागोचे चित्रही असेच होते. शहराच्या दक्षिण भागात दर तीन सभासदांमागे एकाला पुस्तक मिळू शकत नव्हते. उत्तर भागात हेच प्रमाण सहांमागे एक असे होते. सर्वांत विदारक गोष्ट ही की, बंद कार्डांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश कार्डे चौदा वर्षांखालील मुलांची होती. आई दोन पाळ्यांत काम करते, बसचे भाडे परवडत नाही, पुस्तक धाकट्या भावंडाने कुठेतरी टाकलेले असते. आणि शिक्षा भोगते ते वाचायला उत्सुक असलेले मूल. ज्या घरात विकत घेतलेले पुस्तक नाही, त्याच घराला ग्रंथालयाचे दार बंद झाले होते.

दोन्ही शहरांनी २०१९ साली विलंबशुल्क रद्द केले व जुनी थकबाकी माफ केली. सॅन फ्रान्सिस्कोत ते सप्टेंबरमध्ये, तर शिकागोत १ ऑक्टोबरला अमलात आले. अमेरिकन ग्रंथालय संघटनेनेही त्याच वर्षी जानेवारीत ठराव करून असे दंड हा सामाजिक विषमतेचा प्रकार असल्याचे मान्य केले होते. न्यूयॉर्कच्या तिन्ही ग्रंथालय संस्थांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये तोच मार्ग धरला. तेथे सुमारे चार लाख लोकांची कार्डे बंद होती.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीरपणे ऐकला पाहिजे. पुस्तक ही समाजाची मालमत्ता आहे. एकाने ते अडवून ठेवले तर वाट पाहणाऱ्या दुसऱ्या वाचकाचा हक्क बुडतो. शिस्त नसेल तर सार्वजनिक संस्था मोडकळीस येते, असे म्हटले जाते. त्यातील तत्त्व खरे आहे. म्हणूनच या शहरांनी उशीर आणि हानी यांत फरक केला. पुस्तक हरवले तर त्याची किंमत भरावीच लागते. मुदत संपून बरेच दिवस लोटले तरी पुस्तक आले नाही, तर ते हरवले असे धरून बिल लावले जाते, आणि पुस्तक परत आणताच ते बिल रद्द होते. शिकागोत इतर कोणाची मागणी नसेल तर मुदत आपोआप वाढते. शिस्त राहिली, फक्त ती पुस्तकाशी जोडली गेली. आणि अनुभव काय आला? शुल्क रद्द झाल्यानंतरच्या काही आठवड्यांत परत येणाऱ्या पुस्तकांची संख्या २४० टक्क्यांनी वाढल्याचे शिकागोच्या ग्रंथालयाने सांगितले. दंडाच्या भीतीने घरात दडून राहिलेली पुस्तके भीती जाताच कपाटात परतली.

दुसरा आक्षेप उत्पन्नाचा. सॅन फ्रान्सिस्कोत हे उत्पन्न ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकाच्या एक टक्काही नव्हते. तेथील ग्रंथालयाचा खरा आधार वेगळाच होता. १९९४ साली नागरिकांनी सार्वमताने ग्रंथालयासाठी राखीव निधी निर्माण केला. मालमत्तेच्या करपात्र मूल्याच्या दर शंभर डॉलरमागे अडीच सेंट या निधीत जातात, आणि ग्रंथालये आठवड्यातून किमान किती तास उघडी राहावीत याचेही बंधन त्यात घातले आहे. २००७ व २०२२ साली नागरिकांनी पुन्हा मतदान करून तो निधी चालू ठेवला. नियोजन म्हणतात ते हे. ज्या मंडळाला पुढच्या वर्षीच्या पैशाची शाश्वती असते, त्याला गरीब वाचकाच्या खिशाकडे पाहावे लागत नाही. ही शाश्वती नसेल तर दंडमाफीची घोषणाही पोकळ ठरते. कारण दंड नाही, पण ग्रंथपालही नाही आणि दारही बंद, अशा ग्रंथालयाचा कष्टकऱ्याला उपयोग काय?

अमेरिकेतील या परंपरेशी मराठी माणसाचा जुना संबंध आहे. सयाजीराव गायकवाडांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. गावातील ग्रंथालयासाठी एक तृतीयांश रक्कम लोकांनी, तितकीच स्थानिक संस्थेने आणि तितकीच राज्याने द्यावी, अशी बडोद्याची पद्धत होती. ती एका राजाची योजना होती हे खरे. पण ग्रंथालय हा दानधर्माचा विषय नसून नियोजनाचा विषय आहे, हे तिने ओळखले होते.

मद्रास प्रांताने १९४८ साली ग्रंथालय कायदा केला, तेव्हा मालमत्तेवरील करासोबत ग्रंथालय उपकर बसवला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ सालचा. त्यात राज्य ग्रंथालय परिषद आहे, जिल्हा समित्या आहेत, अनुदानही आहे. उपकर मात्र नाही. येथील बहुसंख्य ग्रंथालये स्वयंसेवी संस्था चालवतात. सरकारी अनुदान, सभासदांची वर्गणी आणि अनामत यांवर त्यांचा गाडा चालतो. अशा तुटपुंज्या संस्थेच्या चालकांना दोष देऊन दंडाचा प्रश्न सुटणार नाही. ज्या सरकारने त्यांना स्थिर उत्पन्न दिले नाही, त्याला आधी जाब विचारला पाहिजे.

तरीही काही कामे आजच करण्याजोगी आहेत आणि त्यांना पैसा लागत नाही. गावातील ग्रंथालयाच्या वार्षिक सभेस कार्यकर्त्यांनी हजर राहावे. थकबाकीपायी किती सभासदत्वे बंद पडली, त्यांत मुले किती, ती कोणत्या वस्तीतील, याची मोजणी मागावी. निदान मुलांचा विलंब माफ करण्याचा ठराव मांडावा. आणि त्याच सभेत दुसरा ठराव असावा ग्रंथालय उपकराचा. पहिल्या ठरावाने बंद दार उघडेल. ते उघडे राहण्यासाठी दुसऱ्याची लढाई लढावी लागेल.